नित्य प्रार्थना : लेखांक ११ – रोजची भाकर

प्रभूच्या, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या, प्रार्थनेतील पहिल्या तीन मागण्या, म्हणजे देवाचे नाव, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा यांविषयीच्या मागण्या, गेल्या लेखांकात पाहून झाल्या. चौथी मागणी आभाळातून थेट चुलीपाशी उतरते आणि भाकर मागते: ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ जाहीर केल्याप्रमाणे या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेचा, म्हणजे रात्री निजण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून करावयाच्या उपासनेचा, विचार व्हावयाचा होता. परंतु सातपुड्याच्या डोंगरांतील अक्कलकुवा तालुक्याच्या काठी परिसरातून आलेल्या एका पत्राने तो बेत पुढे ढकलावा लागला आहे. सुगी झाल्यावर कणगी ज्वारीने भरलेली असते, तेव्हा आजच्या भाकरीसाठी देवापुढे हात पसरणे हा खोटेपणा होत नाही काय, असा त्या पत्रातील पहिला प्रश्न आहे, आणि तो इतका रास्त आहे की त्याचे उत्तर दोन ओळींत उरकणे योग्य होणार नाही. पत्रातील दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी वळता येईल.

या मागणीत ‘रोजची’ असे ज्याचे भाषांतर होते तो मूळ ग्रीक शब्द ‘एपिऊसिओस’ हा बायबलमधील अत्यंत अवघड शब्दांपैकी एक आहे. मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या जीवनाच्या वृत्तान्तांत, तो प्रार्थनेच्या याच जागी येतो, आणि त्यापूर्वीच्या ग्रीक वाङ्मयात तो आढळत नाही. तिसऱ्या शतकातील विद्वान ओरिजेन याची मातृभाषाच ग्रीक होती. तरीही हा शब्द ना पंडितांच्या लेखनात सापडतो ना लोकांच्या बोलण्यात, तो शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा, असे त्याने नोंदवले. पुढे जेरोम या धर्मपंडिताने चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन शुभवर्तमाने सुधारून सिद्ध केली, तेव्हा लूकमध्ये त्याने ‘दैनंदिन’ या अर्थाचा शब्द ठेवला आणि मत्तयात मात्र त्याच ग्रीक शब्दासाठी ‘सर्व पदार्थांच्या पलीकडची’ असा अर्थ देणारा शब्द योजला. शिवाय इब्री लोकांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका जुन्या शुभवर्तमानात तेथे ‘उद्याची’ या अर्थाचा शब्द असल्याचेही त्याने नमूद केले. एकाच विशेषणात आजची, उद्याची आणि स्वर्गीय अशा तीन भाकरी अभ्यासकांना दिसत आल्या आहेत.

या शब्दाच्या शोधाची एक हकिकत येथे दिल्यावाचून राहवत नाही. इजिप्तमधील हवारा येथे सापडलेल्या एका पपायरसावर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदावर, घरखर्चाची यादी लिहिलेली होती, आणि १८८९ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा तीत हाच शब्द वाचण्यात आला. तसे असेल तर तो व्यवहारातला, ‘दिवसाचा शिधा’ अशा अर्थाचा शब्द ठरत होता, आणि त्या आधारावर पुढे कित्येक ग्रंथांत तसे ठामपणे लिहिलेही गेले. पण तो पपायरस मध्येच गहाळ झाला आणि शंभरांहून अधिक वर्षे कोणालाच पुन्हा तपासता आला नाही; १९९८ साली तो अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडला, तेव्हा यादीतला तो शब्द प्रत्यक्षात ‘तेलाचे’ असा असल्याचे दिसून आले. ज्या पुराव्यावर एवढी भिस्त होती तो तेलाचा हिशेब निघाला, आणि शब्द पुन्हा एकटा पडला. इतक्या विद्येनंतरही ज्याचा अर्थ पक्का होत नाही, तो शब्द निरक्षर माणसेही रोज म्हणतात आणि त्या म्हणण्यात त्यांना अडचण भासत नाही, ही गोष्ट प्रार्थनेच्या अभ्यासकाने विसरू नये.

मराठी भाषांतरकारांनी ‘रोजची’ हे विशेषण ‘दररोजची’ या साध्या अर्थाने घेतले असले, तरी मराठीने त्या शब्दाला आणखी एक अर्थ दिलेला आहे. ‘रोज’ हा मूळचा फारसी शब्द, अर्थ दिवस. पण मराठीत तो नाम होऊन दिवसाच्या मजुरीलाही लागला. ‘रोज किती मिळतो’, ‘रोजाने जाणे’, ‘रोजंदारी’ हे प्रयोग गावोगाव चालतात, आणि ज्यांचे पोट हातावर आहे त्यांच्या कानाला ‘रोजची भाकर’ म्हणजे आजच्या रोजाची भाकर असे ऐकू आले तर ते मूळ श्रोत्यांपासून दूर गेले असे म्हणता येणार नाही. येशूच्या भोवतीचे अनेक लोक असेच होते. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, हा मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील दाखला दिवसाच्या एका दिनाराभोवती, म्हणजे एका रोजाभोवती, रचलेला आहे; आणि मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो, अशी आज्ञा जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात स्पष्ट आहे. सातपुड्याच्या या डोंगरपट्ट्यातून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत जातात, घरे बंद होतात, पाडे ओस पडतात. तेथे उसाच्या फडात रात्री ही प्रार्थना म्हणणाऱ्याला चौथ्या मागणीवर भाष्य लागत नाही.

‘भाकर’ या शब्दाची निवडही फार भाग्याची झाली, असे या लेखमालेचे मत आहे. मूळ ‘आर्तोस’ म्हणजे रोटी, पाव. मराठीत त्यासाठी पोळीही आली असती. गोव्याच्या कोकणी प्रार्थनेत या जागी ‘गिरास’ म्हणजे घास आहे, तोही सुंदर आहे, कारण घास तोंडाच्या मापाचा असतो आणि साठवून ठेवता येत नाही. पण भाकर हे ज्वारी, बाजरी, मका या कोरडवाहू धान्यांचे, कष्टकऱ्याच्या पानातले अन्न आहे, आणि योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांच्या जेवणासाठी जो मुलगा पुढे येतो त्याच्याजवळच्या भाकरी गव्हाच्या नव्हत्या, जवाच्या होत्या. जव हे त्या देशातील गरिबाचे धान्य. शिवाय भाकर सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात. प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ मंडळी जो विधी करते त्यात, ‘भाकर मोडणे’ हा शब्दप्रयोग मराठी मंडळ्यांत रूढ आहे, आणि तो स्वयंपाकघरातून वेदीपर्यंत जसाच्या तसा चालत गेला आहे. मोडलेल्या भाकरीचे दोन तुकडे होतात आणि दुसरा तुकडा कोणाला तरी द्यावयाचा असतो. अर्थात मराठीवर सगळे संपत नाही. मावची आणि पावरी या बोलींत नव्या कराराची भाषांतरे झाली आहेत, आणि आपल्या बोलीत भाकरीला जो शब्द आहे त्याच शब्दाने देवाकडे मागावे, यासारखे समाधान दुसरे नाही.

आता भरलेल्या कणगीचा प्रश्न. निर्गम पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात अरण्यातून चाललेल्या इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना नावाचे अन्न मिळत असे. प्रत्येकाने माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेले माप, गोळा करावयाचे आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवावयाचे नाही. ज्यांनी ठेवले त्यांच्या मान्नात किडे पडले; फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती. या कथेचा आधार घेऊन साठवण हीच अश्रद्धा असे काही उपदेशक सांगतात, परंतु ते शेतकऱ्याला लागू करणे चुकीचे आहे. पावसाळ्यात एकदाच पिकणाऱ्या डोंगरी शेतीत कणगी हा लोभ नसून वर्षाचे नियोजन असते, आणि आषाढ-श्रावणात ती रिकामी होते तेव्हा काय होते हे अक्कलकुवा-धडगाव भागाला सांगावे लागत नाही. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींसाठी रोजच्या अन्नाची प्रार्थना केली, जॉर्ज म्यूलर यांच्या ब्रिस्टलच्या अनाथाश्रमाचा वृत्तान्त वाचून त्यांची श्रद्धा बळावली होती. पण त्याच रमाबाईंनी विहिरी खोदवल्या आणि शेतीही उभी केली, आणि या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही.

मग भरल्या कणगीशेजारी उभे राहून भाकर मागण्याचा अर्थ काय? त्याचे उत्तर ‘रोजची’मध्ये नाही, ‘भाकर’मध्येही नाही, ते ‘आमची’ या शब्दात आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन निरनिराळे शब्द आहेत: ‘आपण’मध्ये ऐकणारा धरला जातो, ‘आम्ही’मध्ये तो वगळला जातो. गुजरातीतही हा भेद आहे. ग्रीक, लॅटिन, इंग्रजी यांत तो नाही, त्यामुळे त्या भाषांतील भाष्यकारांना येथे थांबण्याचे कारणच पडले नाही. मराठी भाषांतरकाराला मात्र निवड करावी लागली, आणि त्याने ‘आमची’ निवडले ते व्याकरणाने अचूक आहे, कारण प्रार्थनेत ऐकणारा देव असतो आणि देणारा देव भाकर मागणाऱ्यांच्या रांगेत उभा नसतो. परंतु नेहमीच्या बोलण्यात ‘आमची’ म्हटले की आमच्या घरची, आमच्या पाड्याची, आमच्या मंडळीची असे कुंपण मनात आपोआप उभे राहते, आणि प्रार्थना म्हणतानाही ते तसेच राहते. वस्तुतः देवाशी बोलताना म्हटलेल्या ‘आमची’मधून व्याकरणाने एकट्या देवालाच वगळलेले आहे, शेजाऱ्याला वगळण्याची सोय त्या सर्वनामात नाही. एकट्याने, दार लावून, अंधारात म्हटली तरी ही मागणी बहुवचनीच राहते, ‘माझी भाकर’ असा पाठ तिला नाहीच. म्हणून ज्याची कणगी भरली आहे त्याच्या तोंडी ही मागणी खोटी होत नाही. ती ज्याची रिकामी आहे त्याच्या वतीने केलेली मागणी होते, आणि तिचे उत्तर कदाचित मागणाऱ्याच्याच अंगणात साठवलेले असते. लूकच्या बाराव्या अध्यायातील श्रीमंत शेतकरी जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचे ठरवतो. त्याचे स्वगत वाचले तर त्यात सगळीकडे ‘मी’ आणि ‘माझे’ आहे, ‘आम्ही’ एकदाही येत नाही.

काठीचे नाव घेतल्यावर तेथील राजवाडी होळीचा उल्लेख टाळता येत नाही, आणि तो या विषयाला सोडूनही नाही. फाल्गुन पौर्णिमेच्या रात्रभर नाचून पहाटे पेटणाऱ्या या होळीसाठी नवस घेतलेले लोक आधी कित्येक दिवस ‘पाळणी’ करतात, म्हणजे खाटेवर न निजता जमिनीवर निजणे यांसारखे नियम पाळतात. ईस्टरचा दिवस २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेवरून ठरत असल्यामुळे फाल्गुन पौर्णिमा पाश्चात्त्य परंपरेच्या मंडळ्यांच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या संयमाच्या काळात, पडते. २०२४ साली तर होळी आणि झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार) एकाच दिवशी, २४ मार्चला, आले. एकाच डोंगरावर, एकाच चंद्राखाली शेजारी शेजारी दोन व्रते चालू असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खानदेशात आलेल्या स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांना या शेजाराचा अर्थ कितपत लागला हा स्वतंत्र विषय आहे, आणि ख्रिस्ती कुटुंबाने होळीला जावे की नाही हाही. पण पाळणी करणाऱ्या शेजाऱ्याकडे आदराने पाहिल्यास एवढे तरी शिकता येते की प्रार्थना शरीरानेही करावयाची असते. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपवासाची एक रीत दिलेली आहे: उपवासाच्या दिवशी जे अन्न खाल्ले असते त्याची किंमत काढावी आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. तेथे उपवास आणि चौथी मागणी एकच होतात.

याहून साधी रीत मिझोरममध्ये आहे. १९१० सालापासून तेथील ख्रिस्ती घरांत ‘बुहफाई थाम’ म्हणजे मूठभर तांदळाची प्रथा चालत आली आहे: दर वेळी स्वयंपाकाला तांदूळ घेताना घरातील बाई त्यातून एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात टाकते, आणि ते साठलेले तांदूळ मंडळीच्या कामासाठी जातात. पैसा नव्हता, धान्य होते, म्हणून दान धान्याचे. आणि ते कणगीतून काढलेले नव्हे, त्या वेळच्या जेवणातून काढलेले. ‘आमची’ या शब्दाचे इतके नेमके भाष्य पंडितांच्या ग्रंथांत क्वचितच सापडेल. सातपुड्यातही रोकड कमी आणि धान्य घरचे अशी घरे पुष्कळ आहेत, तेथे ज्वारीची मूठ तांदळाच्या मुठीपेक्षा कमी ठरण्याचे कारण नाही.

पत्रातील दुसरा प्रश्न असा आहे की जेवणाआधीची प्रार्थना सुरू होते तेव्हा भाकरी थापणाऱ्या बाईचे हात पिठाचे असतात आणि तव्यावरची भाकर उलटावयाची असते, तेव्हा सर्वांनी तिच्यासाठी थांबावे की तिने चुलीपुढूनच ‘आमेन’ म्हणावे. हा मुळात कुटुंबप्रार्थनेचाच प्रश्न आहे, म्हणून तो त्या विषयाबरोबर पुढील लेखांकात घेतला जाईल.