ऐन बाराला सोलर बंद का पडतं?

बडोद्याच्या घरावर बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. एप्रिलमध्ये, ऐन बाराच्या उन्हात, ते वारंवार बंद पडू लागलं. बसवणारा म्हणाला, पॅनेल पुसा. मग बाबा रोज भर दुपारी, गुडघेदुखी विसरून, गच्चीवर!

शेवटी मी इन्व्हर्टरची नोंद उघडली. बंद पडताना दर वेळी व्होल्टेज २५३च्या वर. पुरवठा २३० व्होल्टचा. तो ११० टक्क्यांपुढे गेला की इन्व्हर्टरने २ सेकंदांत लाइन सोडायची, असा नियमच आहे. नाहीतर शेजाऱ्यांच्या फ्रिजनाही तेच व्होल्टेज सोसावं लागेल. वीज बाहेर ढकलायला इन्व्हर्टरला लाइनपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज लागतं. आमचे १३ अँपिअर, तारेचा रोध अर्धा ओहम धरला, तर साडेसहा व्होल्ट तिथेच वाढले. त्यात गल्लीतल्या साऱ्या गच्च्या एकदमच वीज ढकलतात आणि वापरायला घरात कोणी नसतं.

मीटरपर्यंतची तार जाड घेतली, सैल जोड आवळले. ट्रान्सफॉर्मरचा टॅप उतरवण्यासाठी वीज कंपनीला अर्ज दिलाय. तोवर आई वॉशिंग मशीन आणि पाण्याची मोटर बारालाच लावते. बाबा पॅनेल पुसतातच, पण सकाळी, चहाच्या आधी.