पॅरिसमधली खानावळ

जुन्नर तालुक्यातील खोडद गावाचा आणि फ्रान्सचा संबंध काय, असे कोणी विचारले तर उत्तरासाठी आकाशाकडे बोट दाखवावे लागते. खोडदच्या शिवारातून नियंत्रित होणाऱ्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या स्पंदक ताऱ्यांच्या नोंदी, फ्रान्समधील नान्से येथील दुर्बिणीसह पाच युरोपीय दुर्बिणींच्या नोंदींशी जुळवून, अतिदीर्घ गुरुत्वतरंगांच्या अस्तित्वाचा पुरावा मिळू लागल्याचे शास्त्रज्ञांनी जून २०२३ मध्ये जाहीर केले. अशा कामासाठी म्हणा वा केवळ हौसेसाठी, या मुलखातून पॅरिसला जाणारे लोक आता विरळ राहिलेले नाहीत. परंतु विमानभाड्याची तजवीज धीराने करणारा हा प्रवासी तेथील उपाहारगृहाच्या दारावरचे दरपत्रक पाहताच बावरतो, आणि फ्रेंच भोजन हा श्रीमंतांचाच विषय असे ठरवून पिशवीतल्या कोरड्या फराळावर दिवस काढतो.

ही समजूत सर्वस्वी खरी नाही. पॅरिसमध्ये ‘बुइयाँ’ नावाच्या भोजनगृहांची वहिवाट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेली आहे. उत्तम मांस धनिकांच्या घरी रवाना झाल्यावर उरणाऱ्या कमी प्रतीच्या तुकड्यांचे काय करावे, या विवंचनेतून द्युव्हाल नावाच्या एका खाटकाने १८५५ च्या सुमारास ते मंद आचेवर शिजवून, त्याचा रस्सा व मांस बाजारातील श्रमिकांना माफक दरात देण्यास आरंभ केला. स्वच्छ टेबल, ठरलेले दर आणि तत्पर वाढपी एवढ्या भांडवलावर त्याच्या शाखा शहरभर पसरल्या. शार्तिए बंधूंनी १८९६ मध्ये फोबूर मोंमार्त्र रस्त्यावर उघडलेले भोजनगृह त्याच परंपरेतले. उंच छत, प्रशस्त आरसे, पितळी दांड्या यांनी सजलेला त्याचा दिवाणखाना पाहून आपण चुकीच्या दारात शिरलो की काय, अशी शंका यावी. सरकारनेही १९८९ मध्ये त्याची ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नोंद केली आहे.

मात्र आतला कारभार आपल्या जुन्या महिनेवारी खानावळीच्या जवळचा आहे. ज्याप्रमाणे तिथे रोजच्या मेंबराची जागा ठरलेली असे, त्याप्रमाणे इथे नित्याच्या गिऱ्हाइकांचे हातरुमाल ठेवण्याचे क्रमांकित खण भिंतीशी अद्याप दिसतात. एकट्यादुकट्याला अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवण्यात कोणाला संकोच वाटत नाही. काळ्या जाकिटातला वाढपी मागणी घेतो ती टेबलावर अंथरलेल्या कागदावर लिहून, आणि हिशेबाची बेरीजही तिथेच मांडतो. पदार्थ पिढ्यान्‌पिढ्यांचे, बहुतेक आधीच शिजवून ठेवता येण्याजोगे. त्यामुळे जागा लवकर रिकामी होते आणि थोड्या नफ्यावर पुष्कळांना जेवू घालणे परवडते. स्वस्ताईचे रहस्य एवढेच आहे, आणि त्यात चवीशी तडजोड करावी लागत नाही, असे माझे मत आहे. उकडलेल्या अंड्यांवर मेयोनेज घातलेली आरंभीची ताटली दोन-तीन युरोंत मिळते. विसाव्या शतकात मंदावलेल्या या परंपरेला २०१७ मध्ये पिगाल भागात व त्यानंतर रेपुब्लिक चौकात निघालेल्या नव्या बुइयाँनी पुन्हा बरकत आणली, यातही नवल नाही.

शाकाहारी वाचकाने मात्र सावध असावे. बफ बुर्गिन्यों आणि पोतोफ या दोन्ही सुप्रसिद्ध पदार्थांत गोमांस असते. कांद्याचे निरुपद्रवी दिसणारे सूपही बहुधा गोमांसाच्याच रश्श्यात केलेले असते. (नारायणगावच्या रस्त्यावर मासळी समजून मासवडी मागवणाऱ्याची फसगत होते ती बरोबर उलट.) किसलेले गाजर, व्हिनेगरच्या मसाल्यातली लीकची भाजी, चीज आणि पाव एवढ्यावर शाकाहाऱ्याचे पोट भरेल, तृप्ती कदाचित होणार नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी प्रवाशाच्या पथ्यावर पडतात. जेवणाऱ्याला नळाच्या पाण्याची सुरई विनामूल्य देणे उपाहारगृहाला बंधनकारक आहे, सबब बाटलीबंद पाण्याचा आग्रह झाल्यास ‘काराफ दो’ म्हणावे. आणि सेवेचा आकार छापील दरातच समाविष्ट असल्यामुळे बक्षिसी न दिल्याबद्दल ओशाळण्याचे कारण नाही. पावाची टोपलीही शिरस्त्याप्रमाणे जेवणासोबतच येते.

नान्सेपर्यंत जाणाऱ्याने आणखी एक मुक्काम करावा. त्याच सोलोन्य प्रांतात लामोत-बव्ह्रों नावाचे गाव असून, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताताँ आडनावाच्या दोन भगिनी स्टेशनसमोर हॉटेल चालवीत. साखरेत व लोण्यात परतलेल्या सफरचंदांवर कणकेची पोळी घालून भाजलेला आणि उलटा करून वाढलेला त्यांचा गोड पदार्थ आज साऱ्या फ्रान्समध्ये त्यांच्याच आडनावाने मिळतो. शाकाहाऱ्याची बुइयाँत राहिलेली तृप्ती इथे वसूल होते.

शार्तिएमध्ये आगाऊ जागा राखण्याची अपेक्षा ठेवू नये. दुपारी बारा ते दोन हा फ्रेंचांच्या जेवणाचा काळ, त्या वेळी रांग अंगणापर्यंत येते. तेव्हा बाराच्या आत दारात हजर व्हावे, आणि आत शिरताना ‘बाँझूर’ म्हणण्यास विसरू नये.