संघ निवडला जातो मैदानाच्या फाटकावर

भारतीय क्रिकेट संघ परदेशात हरेल, पण आपल्या देशात हरणार नाही, अशी आपली ठाम समजूत होती. ती आता मोडीत निघाली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळूरला न्यूझीलंडसमोर आपला डाव अवघ्या ४६ धावांत आटोपला. पुण्यात मिचेल सँटनरने १३ बळी घेतले. वानखेडेवर १४७ धावाही आपल्याला झेपल्या नाहीत. तेथे ११ बळी घेणारा एजाझ पटेल हा तर मुंबईतच जन्मलेला! बारा वर्षे घरच्या मैदानावर एकही कसोटी मालिका न गमावलेला संघ ३-० असा हरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने तोच धडा पुन्हा शिकवला. कोलकात्यात १२४ धावा हव्या असताना आपण ९३ धावांत बाद झालो आणि गुवाहाटीत ४०८ धावांनी हरलो.

दोष कोठे आहे?

बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, कुंबळे, अश्विन यांच्या देशातील फलंदाज आज फिरकीपुढे चाचपडतात, हा पहिला दोष. चेंडू हातातून सुटताना ओळखणे, पुढे जायचे की मागे राहायचे हे क्षणात ठरवणे, बॅट मऊ हाताने धरणे या गोष्टी वीस षटकांच्या घाईत शिकता येत नाहीत. त्यासाठी मातीच्या खेळपट्टीवर तासन्‌तास उभे राहावे लागते.

दुसरा दोष निवडीतील धरसोडीचा. चेतेश्वर पुजारा जून २०२३ मध्ये शेवटची कसोटी खेळला. त्यानंतर तिसऱ्या क्रमांकावर शुभमन गिल, करुण नायर, साई सुदर्शन, वॉशिंग्टन सुंदर असे एकामागून एक फलंदाज आले. कोलकात्यात सुंदर तिसरा, तर पुढच्याच कसोटीत सुदर्शन. मुंबईच्या सरफराज खानने रणजीत वर्षानुवर्षे धावांचे ढीग रचले, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला कसोटी मिळाली. बंगळूरच्या त्याच सामन्यात दुसऱ्या डावात त्याने १५० धावा केल्या. मात्र २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यावर जाणाऱ्या संघात त्याचे नाव नव्हते. रणजीत घाम गाळणाऱ्या मुलांनी यातून काय समजावे?

निवड समितीवर टीका जरूर व्हावी. पण समितीचे पाच सदस्य त्यांच्यापर्यंत पोहोचलेल्यांतूनच संघ निवडतात. जे पोहोचलेच नाहीत, त्यांची निवड कोणी नाकारली?

घोडबंदर रोडवरचे क्रिकेट

याचे उत्तर शोधायला ठाण्याच्या घोडबंदर रोडवर यावे. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये उंचच उंच इमारती. मोकळ्या जागा एकेक करून गेल्या. आता जागोजागी जाळीने बंद केलेले ‘टर्फ’ दिसतात. खाली प्लास्टिकचे हिरवे गवत, वर दिवे आणि भाडे तासाच्या हिशेबाने. त्या गवतावर चेंडू वळत नाही. जाळी जवळ असल्याने उचलून मारणे हेच कौशल्य ठरते. ज्याच्या घरी भाड्याचे पैसे आहेत तो निदान तेवढे तरी खेळतो. चाळीतला, पाड्यावरचा मुलगा जाळीबाहेर उभा राहून पाहतो. म्हणजे आत गेलेल्याला फिरकी कळत नाही आणि ज्याला कळली असती तो आतच जात नाही. संघाचे दोन्ही दोष या एका जाळीत सापडतात.

या पट्ट्यात गुणांची वाण मुळीच नाही. अजिंक्य रहाणे लहानपणी डोंबिवलीतील एका साध्या शिबिरात मॅटिंगवर शिकला. महागडे प्रशिक्षण घरच्यांना परवडणारे नव्हते. त्याच रहाणेच्या नेतृत्वाखाली जानेवारी २०२१ मध्ये भारताने ऑस्ट्रेलियात मालिका जिंकली. ब्रिस्बेनच्या निर्णायक कसोटीत ७ बळी आणि ६७ धावांची खेळी करणारा शार्दूल ठाकूर पालघरहून किट खांद्यावर टाकून लोकलने मुंबईला येत असे. कल्याणचा तुषार देशपांडे जुलै २०२४ मध्ये भारताकडून खेळला. हे तिघे पोहोचले. त्यांच्याबरोबर गाडीत चढलेले किती जण वाटेतच उतरले असतील?

फाटकाचा इतिहास जुना आहे

आपल्या वाचकांना पळवणकर बाळूंची आठवण करून द्यायला नको. चर्मकार समाजातील हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या युरोपियन क्लबमध्ये चाकरीला होता. साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकायचे, पण बॅट हाती मिळायची नाही. गोऱ्यांना हरवायचे म्हणून हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू चालत असे, चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्या संघाचा कर्णधार होता पतियाळाचा महाराजा! बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद रीतसर कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांच्या भावांनी या अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली. १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ विजेता ठरला. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले व हरले. तो मतभेद राजकारणाचा होता. त्याने त्यांच्या गोलंदाजीचे मोल कमी होत नाही.

तेव्हा फाटकावर जात उभी होती. आज तेथे भाड्याची पावती आहे. परंतु फाटक बंद राहिले की नुकसान संघाचेच होते, हे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे.

आपण काय करावे?

पहिले, विकास आराखड्यात आपल्या भागात मैदानासाठी कोणती जागा राखीव आहे याची चौकशी मंडळांनी महापालिकेत लेखी करावी. दुसरे, वस्तीतल्या मुलांसाठी एक तरी मातीची खेळपट्टी तयार करावी. रोलर आणि पाणी असले तर श्रमदानाने ती होते. तिसरे, मुलींना घरी बसवू नये. २ नोव्हेंबर २०२५ रोजी जवळच नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला आहे. चौथे, पालकांनी मुलाच्या षटकारांवर टाळ्या जरूर वाजवाव्यात, पण तो दिवसभर टिकून खेळला तर त्याची पाठ अधिक थोपटावी.

संघ जाहीर झाला की आपण नावे वाचून हळहळतो. त्या यादीत नसलेली नावे आपल्याच गल्लीत आहेत. त्यांना मैदान मिळवून देणे हे आपल्या हातात आहे.