चियांग माईत राहणं स्वस्त आहे, पण परवडतं का?

परदेशात कमी खर्चात राहायचं म्हटलं की उत्तर थायलंडमधल्या चियांग माईचं नाव हमखास निघतं. घरभाडं बँकॉकपेक्षा कमी, गाडीवरचं जेवण स्वस्त, इंटरनेट चांगलं, खासगी हॉस्पिटल्सही चांगली. मग घोडं अडतं कुठे?

पहिला प्रश्न व्हिसाचा. ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी थायलंडने २०२४ मध्ये ‘डीटीव्ही’ व्हिसा आणला. मुदत ५ वर्षं, एका वेळी मुक्काम १८० दिवस. पण त्यासाठी ५ लाख बाथ शिल्लक दाखवावी लागते. म्हणजे स्वस्तात राहायलाही आधी गाठीशी पैसा हवा.

दुसरा प्रश्न कराचा. वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहिलं, तर माणूस तिथला करदाता रहिवासी ठरतो. २०२४ पासूनच्या नियमानुसार बाहेर कमावलेले पैसे तिथे आणले, तर त्यावर कर लागू शकतो.

तिसरा आणि सगळ्यात मोठा प्रश्न हवेचा. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान शेतातला कचरा जाळला जातो, जंगलांत वणवे लागतात. शहराभोवती डोंगर असल्याने धूर तिथेच कोंडतो. या काळात चियांग माई अनेकदा जगातल्या सर्वाधिक प्रदूषित शहरांत गणलं जातं. ज्यांना जमतं ते दक्षिणेला समुद्रकाठी जातात. म्हणजे दोन घरांचं भाडं आणि वर प्रवासखर्च. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल, तर हा खर्च टाळताही येत नाही.

त्यामुळे डिसेंबरच्या छान थंडीत काढलेले व्हिडिओ बघून बजेट ठरवू नका. हिशोब बाराही महिन्यांचा करा, मार्चसकट.