वाघरीबाहेरचा पहारा

इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर अंधार पडायच्या आत मेंढपाळ वाघर लावून घेतात. वाघर म्हणजे खुंट्यांना ताणून बांधलेली जाळी. मेंढरं आत, कुत्री बाहेर. हा माळ चिंकारांचा, तसाच लांडग्यांचाही. लांडगा पावलाचा आवाज न करता येतो. पण माणसाला चाहूल लागायच्या आत कुत्रं कान टवकारून उभं राहिलेलं असतं.

माणसाला सुमारे 20 हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला साधारण 45 हजारांपर्यंत. नाकाची रचना तर थक्क करणारी आहे. श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या कडेच्या फटीतून मागे जाते, त्यामुळे समोरचा वास उधळून जात नाही. आत घेतलेल्या हवेतला थोडा भाग वेगळ्या वाटेने थेट गंधपेशींकडे वळतो.

असंच एक नाक 1993 सालच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबईच्या कामी आलं. पुण्यात शिवाजीनगरला तयार झालेल्या ‘जंजीर’ या पोलिसांच्या लॅब्रडॉरने 3,329 किलो आरडीएक्स शोधून दिलं. 2000 साली तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली.

धनगरी कुत्र्याला ना प्रशिक्षण, ना पदक. पावसाळा सरला की बारामती भागातले धनगरांचे वाडे, म्हणजे तांडे, कोकणाकडे निघतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढरं आणि कडेने ही कुत्री घाट उतरतात. त्यांना रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी वेळेवर मिळायलाच हव्यात. डिस्टेंपर लांडग्यांनाही होतो, आणि माळावर कुत्री न् लांडगे एकाच पाणवठ्यावर येतात.