मुकी हिरडी

दातांवर मराठी भाषेचे भारी प्रेम. आपण दातओठ खातो, दात विचकतो, दाताच्या कण्या करतो, एखाद्याचे दात त्याच्याच घशात घालतो. हत्तीचे खायचे आणि दाखवायचे दातही आपण वेगवेगळे मोजून ठेवले आहेत. पण ज्या हिरडीच्या आधाराने हे सगळे दात उभे असतात, तिच्या वाट्याला धड एक वाक्प्रचार आलेला नाही. भाषेत जी उपेक्षा, तीच घरात. दात दुखू लागला की माणूस लवंगेचे तेल शोधतो आणि रात्रभर घर जागे ठेवतो. हिरडीतून रक्त आले तर चूळ भरतो आणि चहाला बसतो.

हिरडी सहसा दुखत नाही, हीच तर अडचण. दातांवर रोज जंतूंचा एक चिकट, पातळ थर बसतो. ब्रशने तो निघतो. राहून गेला तर लाळेतल्या क्षारांनी टणक होतो, त्याला आपण कीटण म्हणतो. ते मग कुठल्याही पेस्टला दाद देत नाही. हिरडी सुजते, लालभडक होते, तिच्यातून रक्त येते. इथपर्यंतचे दुखणे दात साफ करून घेतले आणि नीट ब्रश केला तर भरून येते. बँकेच्या भाषेत बोलायचे तर एखाददुसरा हप्ता चुकलेला असतो, कर्ज बुडीत गेलेले नसते. खरा बुडीत खात्याचा प्रकार पुढे सुरू होतो. दात आणि हिरडी यांच्यामधली फट निरोगी माणसात एक ते तीन मिलिमीटर असते. ती चार-पाच-सहा अशी खोल होत गेली की आतले हाड झिजू लागते, आणि गेलेले हाड आपणहून परत येत नाही. जुन्या लोकांचा ‘पायोरिया’ तो हाच.

आमच्या दापोली तालुक्यात, किंबहुना साऱ्या कोकणात, या दुखण्याला एक जुनी मदतनीस आहे: मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. भाजताना शेजारची दोन घरे खोकतात. सकाळी दात घासायला म्हणून बोटावर घेतलेली ही पूड दुपारी, संध्याकाळी आणि निजतानाही तोंडात जाते. बाळंतपणात कंबर धरली, मशेरी. नवऱ्याचे मुंबईहून पत्र आले नाही, मशेरी. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ती उचलून धरली. पण कायदा कारखान्याच्या दारापर्यंत जातो. घरच्या तव्यापर्यंत तो कसा पोचणार?

‘मशेरीने हिरडी आवळून येते, रक्त थांबते’ असे बायका सांगतात. यात गंमत अशी की निरीक्षण अगदीच खोटे नाही. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त कमी दिसते. रोग मात्र आत चालूच राहतो. चौकीदाराच्या तोंडात बोळा कोंबला म्हणून घरफोडी थांबत नाही!

माझ्या थोरल्या वहिनींचे असेच झाले. चाळीस वर्षे मशेरी, त्यात मधुमेह. पुढचे दात लांब दिसू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘वय झालं भाऊजी, दात वाढतात.’’ दात या वयात वाढत नसतात, हिरडी खाली सरकते. डॉक्टरीणबाईंनी बारीक खुणांची सळई फटीत घालून मोजले. काही ठिकाणी सहा, एके ठिकाणी सात. आधी कीटण काढले, मग काही आठवड्यांनी पुन्हा मोजले, आणि जिथे फट तशीच राहिली तिथे शस्त्रक्रिया ठरवली. अट एकच, मशेरी बंद. तंबाखू चालू असेल तर जखम नीट भरत नाही. ‘‘सुटली तर डोकं धरून बसावं लागतं हो,’’ वहिनी म्हणाल्या. तीन आठवडे त्या खरोखरच डोके धरून बसल्या. साखरही आटोक्यात आणावी लागली. मधुमेह हिरडी बिघडवतो आणि बिघडलेली हिरडी साखर चढवते, असे हे दुहेरी व्याज आहे.

शस्त्रक्रियेत भीतीदायक असे नावापुरतेच. जागेवर भूल देतात, हिरडी पाकिटाच्या झाकणासारखी उचलतात, दाताचे मूळ डोळ्यांसमोर स्वच्छ करतात आणि टाके घालतात. टाके आठ-दहा दिवसांनी निघतात. नंतर काही काळ गार पाणी झोंबते आणि दात थोडे उघडे दिसतात, हे आधी सांगितलेले बरे.

हिरडीला आकार देण्याची शस्त्रक्रिया वेगळी. तिथे हिरडी खाली सरकत नाही, उलट दातावर चढून बसते. फिट्सवरचे फेनिटॉइन, रक्तदाबावरच्या अॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्या, यांनी काही जणांच्या हिरड्या अशा वाढतात. जादा भाग सुरीने किंवा लेसरने कापून हिरडीला पुन्हा बाकदार कड देतात. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये, ती बदलायची की नाही हे ज्याने लिहून दिली त्याला विचारावे. गरोदरपणातही हिरड्या सुजतात. त्या बहुधा बाळंतपणानंतर ओसरतात, तिथे कापाकापीची घाई नको. आणि हसताना हिरडी जास्त दिसते एवढ्याचसाठी लग्नाआधी मुलीला सुरीखाली बसवणारे आईबाप आता निघाले आहेत, त्यांच्याबद्दल मी काय बोलू?

‘कीटण काढले की दात हलतात’ हा समज तर दापोलीच्या बाजारात कोणीही सांगेल. दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाच्या लिंपणाने ते नुसते उभे राहिलेले असतात. लिंपण निघाले की खरी स्थिती कळते. आमच्याकडे खेडला दंत महाविद्यालय आहे. मुंबईत नायर रुग्णालयाचे आहे, सरकारीही आहे. पुढच्या खेपेला मुलाकडे मुंबईला जाल तेव्हा राणीच्या बागेआधी तिथे जाऊन या, आणि फट किती मिलिमीटर निघाली ते कागदावर लिहून मागा. वहिनींचा कागद देव्हाऱ्याच्या खणात आहे. सातच्या जागी आता चार आहे, आणि दर तीन महिन्यांनी नवा आकडा पडतो.