मिलिव्होल्टातला संकासुर

पेडण्यातल्या जत्रेत मध्यरात्र उलटली की दशावतार रंगात येतो. साथीला पायपेटी, पखवाज, झांज. संकासुर मालवणीत फिरक्या घेतो आणि मांडव हसतो. त्या वेळी समोरच्या माईकमध्ये काय चाललेलं असतं, इकडे कुणाचं लक्ष नसतं. तिथे चक्क वीजनिर्मिती चाललेली असते!

डायनॅमिक माईकला बाहेरून वीज लागत नाही. जाळीच्या आत एक पातळ पडदा, पडद्याला चिकटलेलं बारीक तारेचं वेटोळं आणि भोवती लोहचुंबक, एवढाच संसार. आवाजाने पडदा थरथरतो, त्याच्यासोबत वेटोळं हलतं, आणि चुंबकाच्या क्षेत्रात तार हलली की तिच्यात वीज उपजते. फॅरेडेने १८३१ साली हे दाखवून दिलं. तिळारीच्या वीजघरातलं जनित्र याच नियमावर चालतं. तिथे पाणी चाक फिरवतं, इथे संकासुराचा श्वास पडदा हलवतो.

पण वीज किती? शूअर कंपनीचा एसएम५८ हा १९६६पासूनचा प्रसिद्ध माईक घ्या. ९४ डेसिबल म्हणजे चांगल्यापैकी मोठा आवाज. त्याला हा माईक जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट देतो. अर्ध्या मीटरवरून साधं बोललात तर मिलिव्होल्टाचा दहावा हिस्सा. रेकॉर्डरच्या लाईन इनपुटला मात्र साधारण पाव-अर्धा व्होल्ट हवा असतो. मधली हजारपटीची, कधी त्याहून मोठी दरी भरून काढतो तो प्रीअ‍ॅम्प्लिफायर.

हजारपट वाढवणं अवघड नाही. अवघड आहे ते आवाजासोबत दुसरं काही न वाढवणं. वेटोळ्याच्या तारेतले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत वळवळत असतात आणि त्या वळवळीचंही व्होल्टेज तयार होतं. बेल लॅबमधल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ साली त्याचं मोजमाप आणि गणित मांडलं. २०० ओहमच्या माईकसाठी, कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, ते सुमारे पाव मायक्रोव्होल्ट भरतं. कितीही महाग यंत्र आणा, ही खरखर जात नाही, कारण ती माईकच्या तापमानाचीच आहे. चांगल्या प्रीअ‍ॅम्पची परीक्षा एवढीच: या पाव मायक्रोव्होल्टात त्याने स्वतःची भर किती घातली?

टीएल०७२ ही स्वस्त, सगळीकडे मिळणारी आयसी अशा माईकला थेट जोडली तर अडीच मायक्रोव्होल्टांची भर घालते, म्हणजे मूळच्या दहापट. एनई५५३२ सुमारे पाऊण मायक्रोव्होल्टावर थांबते. माझं मत विचाराल तर इथे काटकसर करू नये. पहिल्या टप्प्यात शिरलेली खरखर पुढचे सगळे टप्पे इमानेइतबारे मोठी करत जातात.

एनई५५३२मध्ये दोन अ‍ॅम्प्लिफायर असतात, आणि दोन्ही लागतात. एकाकडूनच हजारपट काम करून घेतलं तर त्याचा वेग अपुरा पडतो आणि १० किलोहर्ट्झच्या वरचे स्वर गळू लागतात. झांजेची चकाकी नेमकी तिथे असते. दोघांनी ३२-३२ पट वाटून घेतलं की हजार भरतात आणि चकाकीही शाबूत राहते.

आता हाच प्रीअ‍ॅम्प, बॅटरीवर चालणारा, डिचोलीतल्या एखाद्या घरी चवथीच्या घुमट आरतीला न्या. घुमटाच्या अगदी जवळ माईक धरला आणि आवाज ११४ डेसिबलवर गेला, तर माईक एकदम १८ मिलिव्होल्ट देतो. हजारपट म्हणजे १८ व्होल्ट! बॅटरी तेवढं कुठून देणार? लाटेचे माथे सपाट कापले जातात आणि घुमटाचा घुमार फाटक्या आवाजात निघतो. म्हणून पट कमी-जास्त करायचं बटण ही चैन नव्हे. घुमटासाठी वीस-तीस पट पुरे.

बॅटरीच का? जत्रेत जनरेटर, दिव्यांच्या माळा, सगळीकडे ५० हर्ट्झची घूंऽऽ. वीजपुरवठ्यातून शिरणारी घूं बॅटरीमुळे मुळातच बंद होते. ९ व्होल्टच्या दोन चौकोनी बॅटऱ्या एकामागे एक जोडायच्या. त्यांच्या जोडावर शून्य, एका टोकाला अधिक नऊ, दुसऱ्याला उणे नऊ. लांब केबलमध्ये शिरणारी घूं मात्र बॅटरीने जात नाही. तिच्यासाठी केबलमध्ये माईकच्या दोन तारा असतात. घूं दोघींत सारखी शिरते, माईकचा संकेत उलटसुलट. एकीतून दुसरी वजा केली की घूं जवळजवळ संपते. ही वजाबाकी छोटा ट्रान्सफॉर्मर करतो. तो १:१० घेतला तर बॅटरीला हातही न लावता व्होल्टेज दहापट करून देतो, आणि मग ती गरीब टीएल०७२सुद्धा चालून जाते.

सगळं पत्र्याच्या डब्यात बसवायचं आणि डबा शून्याला जोडायचा. एनई५५३२ साधारण ८ मिलिअ‍ॅम्पिअर खाते. चांगल्या अल्कलाईन बॅटऱ्या ५०-६० तास टिकतात, म्हणजे दशावताराच्या सात-आठ रात्री. मोसम त्याहून बराच लांब असतो, तेव्हा खिशात जादा जोडी ठेवावी.